तिसऱ्या कडव्याला शाल

छत्रपती संभाजीनगरात तुम्ही कधी कुठल्या जाहीर कार्यक्रमाला गेला असाल, म्हणजे शाळेचं गॅदरिंग म्हणा, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन म्हणा, नाहीतर कुणा साहेबांचा निरोपसमारंभ म्हणा, तर साळवे सरांची चाल तुमच्या कानावरून गेलेली आहे. सर दिसले नसतील. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, मुलींच्या दोन रांगांच्या मागं, पेटी वाजवणाऱ्या माणसाकडे कोण बघतो? पण 'आलात आपण, उजळले अंगण' हे स्वागतगीत तुम्ही ऐकलं असणारच. शब्दांना नाक मुरडू नका, ते माझे आहेत.

मी छावणीकडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि सुखदेव साळवे सर संगीत. मी नोकरीला लागले त्याच वर्षी एक मोठे साहेब शाळा तपासायला येणार होते, ते सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. जीप फाटकात, मुख्याध्यापक घामाघूम, आणि स्वागताची काहीच तयारी नाही. मी फळ्यावर चार ओळी खरडल्या, सरांनी पेटी पुढं ओढली, आणि साहेब हॉलच्या दारात पोचेपर्यंत मुली गायला लागल्या होत्या. साहेब खूश झाले. पुढं कितीतरी वर्षांनी सर मला म्हणाले, "बाई, कांदा चिरायला ह्याच्यापेक्षा जास्ती वेळ लागतो. तेवढ्यात केलेलं गाणं जन्माला पुरलं बघा."

पुरलं म्हणजे चिकटलं. गाणं फार चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, पण भलतंच सोयीचं होतं. पहिल्या कडव्याला पाहुण्यांनी उभं राहायचं, दुसऱ्याला हार, तिसऱ्याला शाल आणि नारळ, आणि शेवटची ओळ सावकाश खाली उतरत दोनदा म्हणून होईपर्यंत पाहुणे खुर्चीत बसलेले असायचे. शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळ्यांची पावलं त्या चालीवर ठरून गेली होती. मधे पाहुण्यांच्या नावासाठी मोकळी जागा होती, ती भरायचं काम माझं. सूर्यवंशी साहेब आले की नाव चपखल बसायचं. बोडखे आले की सर त्यांना ओढून ओढून जागेएवढं करायचे. एकदा एका पाहुण्यांनी नावाऐवजी पूर्ण हुद्दा घ्या असा निरोप पाठवला. 'अतिरिक्त मुख्य कार्यकारी अधिकारी' हे सगळं मुलींनी एका श्वासात म्हटलं आणि मागच्या रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली.

मग इतर शाळांनी ती चाल उचलली. आमच्या मुली शिकून शिक्षिका झाल्या आणि तिला खुलताबादला घेऊन गेल्या, कन्नडला घेऊन गेल्या. सरांच्या मुलीचं लग्न पडेगावच्या मंगल कार्यालयात होतं. नवरदेवाची गाडी फाटकात आली आणि बँडवाल्यांनी, सरांना आनंद होईल म्हणून, तीच चाल लावली. सरांनी डोक्यावरचा फेटा काढून काखेत घेतला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आता व्याही बसल्याबिगर हे थांबायचं नाय."

ते असं हसत हसत बोलायचे म्हणून त्या गाण्याचा त्यांना किती जाच होतो ते कुणाला कळायचं नाही. बेताची उंची, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, आणि खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. गोळी द्यायची ती ज्याचा सूर चुकला त्याला. "बरोबर गाणाऱ्याला सूर मिळालाच की. चुकलेल्याला कायतरी पाहिजे ना," असा त्यांचा हिशेब. त्यामुळं आमच्या शाळेत गोडखाऊ मुलं मुद्दाम बेसूर गायची, आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. घरी आलेल्या माणसाला मात्र ते कधी 'या, बसा' म्हणायचे नाहीत. ते काम वहिनींचं. "दिवसभर तेच करतो, घरात तरी सुट्टी पाहिजे," म्हणायचे. आम्ही पाहुणे आपले दारात उभे, आणि हा माणूस खुर्चीत बसून आमच्याकडे बघून प्रेमानं हसतोय. पहिल्यांदा गेले तेव्हा मला रागच आला होता.

सर मूळचे देवगाव रंगारीचे. वडील शेतमजुरी करायचे आणि गायचे. गावात त्यांची गायनपार्टी होती, आणि दर जयंतीला बुद्धविहारापुढं ते नवी चाल घेऊन उभे राहायचे. दरवर्षी नवी. "जुनी चाल घेऊन जयंतीत उभं राहू नाय, असं म्हणायचे," सरांनी मला सांगितलं होतं. वडील गेले, पार्टी राहिली. पार्टीतली म्हातारी माणसं दर माघ-फाल्गुनात सरांना फोन करायची. सुखदेव, तू शहरात संगीताचा मास्तर, ह्या टायमाला एक चाल दे बाबा. सर हो म्हणायचे. आणि जयंतीला आदल्या वर्षीचीच, म्हणजे वडिलांनीच कधीतरी केलेली एखादी चाल पुन्हा निघायची. सर टाळ घेऊन मागं उभे राहायचे आणि कुणाच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत.

चाली त्यांना सुचत नव्हत्या असं नाही. रोज सुचायच्या. झोपेत.

सकाळची प्रार्थना आणि परिपाठ सरांकडे असल्यामुळं जेवणानंतरचा पाचवा तास त्यांना मोकळा असे. संगीताची खोली म्हणजे स्टेजमागची अडगळ. खिडकी नाही, लेझीमचा ढीग, जुने फलक, कुठल्याशा नाटकातला पुठ्ठ्याचा सिंह. तिथं सतरंजीवर, तबल्याच्या खोळीची उशी करून सर आडवे व्हायचे आणि लगेच त्यांना स्वप्न पडायचं. स्वप्नात गाणं असायचं. आधी कधी न ऐकलेलं, पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तास संपला की आमचे शिपाई रहीममामू व्हरांड्यातल्या लोखंडी पट्टीवर हातोडी मारायचे, सर दचकून उठायचे, आणि गाणं गेलेलं असायचं.

"कोण गातं स्वप्नात?" मी एकदा विचारलं.

"कधी आई असती, मिरच्या खुडत बसलेली. कधी एसटीतली माणसं. कधी कुणीच नाय, नुसती चाल."

"शब्द असतात?"

"असतात की. तुमच्यापेक्षा बरे असतात."

आणि ते नुसतं जायचंही नाही. उठल्या उठल्या सर चाल धरायला तोंड उघडायचे, आणि तोंडातून यायचं स्वागतगीत. मोबाइल आल्यावर त्यांना वाटलं, आता सापडेल. उशाशी फोन ठेवून झोपायचे, जाग आली की डोळेही न उघडता बटण दाबून गुणगुणायचे. स्टाफरूममध्ये मला ऐकवायचे. आधी एक अनोळखी सूर, मग श्वास, मग दुसरा सूर चाचपडत पुढं यायचा, आणि तिसऱ्यापाशी घसरून सरळ 'आलात आपण'. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तेच. "सुरुवात बघा, बाई, सुरुवात येगळी हाय का नाय?" ते इतक्या आशेनं विचारायचे की मी हो म्हणायचे. ती वेगळी असायचीही. पण सुरुवातीवर कुणी जयंती काढत नाही.

एकदा फक्त त्यांचा चेहरा खुललेला पाहिला. डबा उघडत म्हणाले, "आज गंमत झाली. स्वप्नात लई मोठा मंडप. एकजण आला नि म्हणला, सर, स्वागतगीत होऊन जाऊ द्या. आणि बाई, मला येईचना! शब्द नाय, चाल नाय, कायबी आठवेना. तो माणूस बघत बसला. मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू." मग भाकरीचा तुकडा मोडून जेवायला लागले.

आता कुणी म्हणेल, जागेपणी करावी नवीन चाल. केली होती. एका गॅदरिंगला सरांनी हट्टानं नवं स्वागतगीत बसवलं, शब्दही माझ्याकडून नवे घेतले. चाल बरी होती. पण झालं काय, पहिलं कडवं संपलं तरी पाहुणे उभे राहिले नाहीत, कारण उभं राहायचं कधी ते त्यांना कळेना. मग भलत्याच ठिकाणी उभे राहिले. हार घेतलेल्या बाई एक पाऊल पुढं, एक मागं. रहीममामू शाल आणि नारळाचं ताट घेऊन विंगेत उभे, तिसरं कडवं कुठलं हे न कळल्यामुळं जागचे हलेनात. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि पाहुणे रिकाम्या गळ्यानं स्टेजवर तसेच उभे. अध्यक्षांनी माइक हातानं झाकला आणि सरांकडे वाकून म्हणाले, "अहो, नेहमीचं लावा ना." झाकलेल्या माइकमधून ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. सरांनी नेहमीचं लावलं. सगळं कसं सुरळीत पार पडलं.

त्या दिवशी पेटी खोळीत घालताना ते मला म्हणाले, "जिंदगीभर लोकांना या, बसा म्हणत आलो. माझ्या मागं तेवढंच राहणार बघा, या आणि बसा."

निवृत्तीला एक सत्र उरलं तेव्हा ते कासावीस व्हायला लागले. कारण घरी त्यांना झोप लागायची, स्वप्न पडत नसे. पडेगावच्या दोन खोल्या, नातवंडं, टीव्ही, दौलताबादच्या रस्त्यावरच्या गाड्या. गाणं पडायचं ते फक्त त्या बिनखिडकीच्या खोलीत. ती खोली सुटली की चाल कायमची गेली, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. त्यांच्या मते दोष होता घंटेचा. आपलं आपण जागं झालो तर गाणं सोबत येईल, असं त्यांना वाटायचं. ते रहीममामूंच्या मागं लागले. एक दिवस, मामू, पाचव्या तासाची घंटा देऊ नका.

"नक्को सर, ऐसा नक्को बोलो," मामू म्हणाले. "घंटा मेरे हात में है, लेकिन टाइम तो मॅडम का है."

पण मामूंचाही जीव होता सरांवर. एका दुपारी मुख्याध्यापिका देशमुख मॅडम मीटिंगला बाहेर गेल्या आणि मामूंनी हातोडी लपवली. त्या दिवशी आमच्या शाळेचा पाचवा तास संपलाच नाही. माझी सातवीला कविता शिकवून झाली, ती पुन्हा शिकवली, मग अर्थ फळ्यावर लिहून दिला. विज्ञानाचे सर व्हरांड्यात येऊन मनगटावरचं घड्याळ हलवून बघत होते. मुलं चुळबुळत होती, पण घंटा झाल्याशिवाय वर्गाबाहेर पाऊल टाकायचं कुणाच्या डोक्यातच येईना. सगळी शाळा कोंडल्यासारखी आपापल्या बाकावर बसून होती.

काय झालं ते बघायला मी निघाले, तर संगीताच्या खोलीबाहेर मामू स्टुलावर बसलेले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दार अर्धवट उघडं होतं. आत सर आपोआप जागे झाले होते. डोळे मिटलेले, श्वाससुद्धा जपून घेत ते सरकत सरकत पेटीपर्यंत गेले, भाता उघडला आणि वाजवायला लागले.

मला संगीतातलं काही कळत नाही. पण ते गाणं मी यापूर्वी ऐकलेलं नव्हतं आणि तरी त्याची वाट बघत होते असं वाटलं. एवढंच सांगू शकते की जिथं सूर खाली उतरून बसणार असं वाटत होतं, तिथं तो वर गेला आणि वरच राहिला. मामूंनी डोक्यावरची टोपी नीट केली. सरांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एक ओळ झाली, ती त्यांनी पुन्हा वाजवून पक्की केली, आणि दुसरीला हात घातला.

भिंतीपलीकडं हॉल होता. तिथं पाचवीचा वर्ग पुढच्या, खेळाच्या तासासाठी आणून बसवलेला होता आणि घंटाच न झाल्यामुळं तसाच अडकून पडला होता. घंटा झाली असती तर ती मुलं केव्हाच मैदानात गेली असती. त्यांनी पेटी ऐकली. आमच्या शाळेत प्रार्थना आणि गाण्याचा तास सोडून पेटी वाजली याचा अर्थ एकच, पाहुणे आले. सगळा वर्ग शिस्तीत उभा राहिला आणि एका सुरात सुरू झाला, 'आलात आपण, उजळले अंगण.'

सरांचा हात थांबला. डोळे उघडले. मला वाटलं, ओरडतील, पेटी ढकलून देतील. मी तरी दिली असती. ते क्षणभर भिंतीकडं बघत राहिले, मग त्यांचा डावा हात भात्यावर गेला आणि त्यांनी मुलांना साथ धरली. तिन्ही कडवी. शेवटची ओळ दोनदा.

"सुरात होती लेकरं," मग ते म्हणाले.

"सर, कल फिर गुम करतूं हतौडी," मामू स्टुलावरून उठत म्हणाले.

"नको, मामू. अख्खी शाळा कोंडून ठेवली आपण." आणि त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून स्वतःच्या तोंडात टाकली. सरांना गोळी खाताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या सत्रात पुन्हा तशी दुपार आली नाही. निरोपसमारंभ झाला. स्वागतगीत नको अशी त्यांनी मला हळूच विनंती केली होती, मी मॅडमना सांगितलंही होतं, पण गाण्याशिवाय सत्कार करायचा कसा हे कुणालाच सुचेना. 'सुखदेवसर' हे नाव त्या मोकळ्या जागेत इतकं बरोबर बसलं की मलाच वाईट वाटलं. आणि पेटी वाजवणारा शाळेत दुसरा कुणी नव्हता. त्यामुळं सरांनी आपल्याच निरोपाला आपणच पेटी वाजवली. दुसऱ्या कडव्याला मॅडम हार घेऊन आल्या, तेव्हा हात न थांबवता त्यांनी मान पुढं केली. तिसऱ्या कडव्याला खांद्यावर शाल पडली, ती घसरून भात्यात अडकू नये म्हणून हनुवटीनं दाबून धरली. लोक हसले, सरही हसले. मी हसू शकले नाही.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. स्वप्नांचं विचारलं की म्हणायचे, "टीव्हीवरच्या मालिका दिसत्यात झोपेत." मग फोन वहिनीच उचलायला लागल्या.

मागच्या हिवाळ्यात शाळेनं गॅदरिंगला प्रमुख पाहुणे म्हणून सरांना बोलवायचं ठरवलं. मीही तोवर निवृत्त झाले होते, मला सरांच्या शेजारची खुर्ची दिली. आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "बाई, आता त्यांच्या लई गोष्टी ध्यानात ऱ्हात नायत. माणसं वळखतात, पण मधलं मधलं गेलंय. तुम्ही शेजारी बसा म्हणजे झालं." मी बसले. सर वाळले होते, शर्टाची बटणं मनगटापर्यंत तशीच. मला बघून म्हणाले, "बाई, डबा आणला का?"

पेटी आता राहिली नाही. पेनड्राइव्हमधून साथ वाजते. मुली उभ्या राहिल्या आणि 'आलात आपण' सुरू झालं. सर मान कलती करून ऐकायला लागले, अगदी लक्ष देऊन. उभं राहायचं त्यांना कळलं नाही, मी दंडाला धरून उठवलं. दुसऱ्या कडव्याला गळ्यात हार पडला तेव्हा ते दचकले. तिसऱ्याला शाल आली, ती ते बोटांनी चाचपत राहिले. गाणं खाली उतरत उतरत संपलं आणि मी त्यांना खुर्चीत बसवलं.

"बाई," ते माझ्याकडं झुकले, "चाल कुणाची म्हणायची ही?"

पलीकडं बसलेल्या देशमुख मॅडमनी ऐकलं. 'अहो सर, तुमचीच' असं त्या कौतुकानं सांगणार, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "जुनीच आहे कुठलीतरी."

"बरी हाय. सुरात हायेत लेकरं," सर म्हणाले आणि खुर्चीत रेलून बसले. स्टेजवर अहवालवाचन सुरू झालं होतं. थोड्या वेळानं माझ्या कानाशी गुणगुणणं आलं. सर डोळे मिटून, मांडीवरच्या शालीवर बोटं फिरवत गात होते. मधे कुठं चाचपडणं नाही, घसरणं नाही. आणि सूर जिथं खाली बसेल असं वाटलं, तिथं तो वर गेला आणि वरच राहिला. त्या दुपारचीच चाल. ते तिथं थांबलेही नाहीत, पुढची ओळ आली, तिच्या पुढची आली, पूर्ण गाणं झालं. मी हात जोडून ऐकत होते, आणि पर्समधला मोबाइल काढायचं मला सुचलंसुद्धा नाही.

गाडीत बसवताना सुचलं. फोन त्यांच्यापुढं धरून म्हणाले, "सर, मघाची ती चाल पुन्हा म्हणा ना. देवगावला पाठवते."

"कुठली चाल?" सरांनी विचारलं. चेहऱ्यावर कसलंही ओझं नव्हतं. गाडी निघाली, काचेवर त्यांचं बोट ताल धरत होतं, ते मला लांबूनही दिसलं.

मी फाटकातच थांबले. अजून डोक्यात होती ती चाल, पूर्ण होती. फोनचं बटण दाबलं, डोळे मिटले, पहिला सूर धरला, श्वास घेतला, दुसरा धरला, आणि माझ्या तोंडातून 'आलात आपण, उजळले अंगण' बाहेर पडलं.